मोजलेली माणसे, ठरलेला निकाल

1908 साली युरोपातून अमेरिकेकडे निघालेल्या एका आगबोटीच्या सर्वांत खालच्या आणि सर्वांत स्वस्त वर्गात एक बाई साध्या बोहेमियन स्थलांतरिताच्या वेशात चढली. त्या वर्गाला स्टिअरेज म्हणत. तिथल्या माणसांतलीच एक होऊन तिने तो प्रवास केला. भांडी धुवायला आणि अंग धुवायला मिळणारे खारे पाणी, कधीच नीट स्वच्छ न होणारी जमीन, ओकारीचा दर्प, तरुण प्रवासिनींच्या अंगचटीला येणारे खलाशी, हे सारे तिने टिपून ठेवले. तिचे नाव ॲना हर्कनर. ती वार्ताहर नव्हती, धर्मादाय संस्थेची कार्यकर्तीही नव्हती. अमेरिकन काँग्रेसने नेमलेल्या स्थलांतर आयोगाची ती पगारी तपासनीस होती, आणि तिच्यासारखे सुमारे 300 स्त्रीपुरुष त्या काळात याच आयोगासाठी राबत होते. कोणी कोळशाच्या खाणीत, कोणी शाळेच्या वर्गात, तर कोणी शिकागोच्या चाळींत जाऊन माहिती जमवत होता.

अध्यक्ष सिनेटर विल्यम डिलिंगहॅम यांच्या नावावरून या आयोगाला पुढे डिलिंगहॅम आयोग म्हटले जाऊ लागले. सुमारे 10 लाख डॉलर खर्च करून त्याने 1911 मध्ये 41 खंड प्रसिद्ध केले. 42वा खंड सूचीचा असणार होता, तो निघालाच नाही. देशात कोणाला येऊ द्यावे या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ यांना एवढ्या मोठ्या प्रमाणावर कामाला लावण्याची अमेरिकेतली ही पहिलीच वेळ होती. खंडांतल्या आकड्यांनी एक सांगितले, आयोगाच्या शिफारशींनी दुसरेच. कायदा झाला तो शिफारशींचा.

आयोग नेमला गेला तोच मुळी तडजोड म्हणून. 1907 या एका आर्थिक वर्षात अमेरिकेत 12,85,349 स्थलांतरित उतरले. त्याच वर्षी 17 एप्रिलला न्यूयॉर्क बंदरातल्या एकट्या एलिस बेटावर 11,747 जणांची तपासणी झाली. पूर्वी येणारे बहुतेक लोक इंग्लंड, आयर्लंड, जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातले असत. आता आलेल्या पाच युरोपीयांतले चार इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशियन साम्राज्य आणि बाल्कन प्रदेशातले होते. त्यांत कॅथलिक होते, ज्यू होते, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. बोस्टनमध्ये हार्वर्डच्या तरुण पदवीधरांनी 1894 मध्येच ‘इमिग्रेशन रिस्ट्रिक्शन लीग’ काढली होती. तिची आवडती मागणी होती साक्षरता चाचणी: वाचता येत नसेल त्याने परत जावे.

लीगचे काँग्रेसमधले वजनदार मित्र म्हणजे मॅसॅच्युसेट्सचे सिनेटर हेन्री कॅबट लॉज. 1896 मध्ये सिनेटपुढे बोलताना त्यांनी आडपडदा ठेवला नव्हता. ही चाचणी इटालियन, रशियन, पोलिश, हंगेरियन आणि ग्रीक लोकांना जड जाईल, इंग्रजी बोलणाऱ्यांना आणि जर्मनांना तिचा फारसा त्रास होणार नाही, हा तिचा गुण म्हणूनच त्यांनी मांडला होता. विधेयक मंजूर झाले, पण अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी 1897 मध्ये नकाराधिकार वापरला. 1906 मध्ये तेच विधेयक पुन्हा सिनेटमध्ये पुढे सरकले आणि या वेळी प्रतिनिधीगृहाचे सभापती जोसेफ कॅनन आडवे आले. त्यातच ऑक्टोबर 1906 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा मंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत बसवायचा हुकूम काढला, टोकियो संतापले आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हा गुंता तातडीने सोडवणे भाग पडले. फेब्रुवारी 1907 च्या कायद्यात म्हणून साक्षरता चाचणी आली नाही, तिच्या जागी आयोग आला. तीन सिनेटर, तीन प्रतिनिधी आणि अध्यक्षांनी नेमलेले तीन तज्ज्ञ, असे नऊ सदस्य. लॉज त्यांतले एक होते. कॉर्नेल विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक जेरेमाया जेंक्स हे दुसरे महत्त्वाचे नाव. बाहेरचे संशोधक आयोगापर्यंत पोहोचत ते बहुधा जेंक्स यांच्यामार्फत.

काम मात्र खरोखरच कसून झाले. 1907 च्या उन्हाळ्यात सदस्य युरोपात जाऊन इटलीपासून रशियापर्यंत हिंडून आले. 37 शहरांतल्या सुमारे 20 लाख शाळकरी मुलांची माहिती गोळा झाली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांचे वडील परदेशात जन्मलेले निघाले. कोळसा, पोलाद, कापडगिरण्या, कातडी, साखर अशा उद्योगांवरच खंड 6 ते 25 खर्ची पडले. न्यूयॉर्क, शिकागो, बोस्टन, फिलाडेल्फिया, क्लीव्हलंड, बफेलो आणि मिलवॉकी या सात शहरांत तपासनीस दहा हजारांहून अधिक कुटुंबांच्या घरांत शिरले. किती खोल्या, किती पोटभाडेकरू, नळ आत की अंगणात, हे त्यांनी लिहून घेतले. ‘इमिग्रंट बँका’ नावाच्या विचित्र व्यवहाराचाही त्यांनी छडा लावला. किराणा दुकानदार, दारूचा गुत्तेवाला किंवा जहाजाची तिकिटे विकणारा दलाल आपल्या गाववाल्यांची बचत स्वतःकडे ठेवी, मायदेशी पैसे पाठवण्याचे कामही तोच करी, आणि एखाद्या दिवशी सगळी पुंजी घेऊन पोबारा करी.

या पाहणीतून जे हाती आले ते लॉज यांच्या पक्षाला सोयीचे नव्हते. स्थलांतरामुळे गुन्हेगारी प्रौढ लोकसंख्येच्या मानाने वाढली, असा समाधानकारक पुरावा मिळत नाही, असे गुन्हेगारीवरच्या खंडाने स्पष्ट म्हटले. सार्वजनिक मदतीवर जगणाऱ्या नवागतांचे प्रमाण ओरड होत होती त्या मानाने नगण्य निघाले. गलिच्छ वस्त्यांबद्दल आयोगाने नोंदवले की रस्ते घाण असले तरी बहुतेक घरे आतून नीटनेटकी ठेवलेली आहेत, आणि रस्त्यावरचा कचरा हा महापालिकेच्या हलगर्जीचा भाग आहे. मुंबईच्या चाळींचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला हे वाक्य ओळखीचे वाटेल.

सर्वांत मोठा धक्का आला तो कोलंबिया विद्यापीठातून. फ्रान्झ बोआस जर्मनीत जन्मलेले ज्यू, स्वतः स्थलांतरित आणि अमेरिकन मानववंशशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. डोक्याच्या लांबीरुंदीचे गुणोत्तर, म्हणजे शिरोनिर्देशांक, हे वंशाचे न बदलणारे लक्षण मानले जाण्याचा तो काळ. बोआस यांनी जेंक्स यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला की हे लक्षण खरोखर बदलत नाही का, ते मोजून पाहू. न्यूयॉर्कमध्ये 17,821 माणसांची मापे घेण्यात आली. आईवडील, युरोपात जन्मलेली मुले आणि अमेरिकेत जन्मलेली मुले यांची तुलना झाली. पूर्व युरोपीय ज्यूंची डोकी गोलसर असत, त्यांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची थोडी लांबट निघाली. सिसिलीच्या लोकांची डोकी लांबट असत, त्यांच्या मुलांची गोलाईकडे झुकलेली आढळली. आई अमेरिकेत आल्यानंतर जितक्या उशिरा मूल जन्मले, तितका फरक अधिक.

आता गंमत पाहा. बोआस यांचा अहवाल 38वा खंड म्हणून छापला गेला. त्याच मालिकेतला 5वा खंड होता डॅनियल फोकमार यांनी तयार केलेला ‘वंशांचा कोश’. त्यात जगभरच्या माणसांची चाळीसहून अधिक गटांत विभागणी होती. दक्षिण इटालियन आणि उत्तर इटालियन हे त्यात दोन वेगळे ‘वंश’ ठरले होते, ज्यूंसाठी स्वतंत्र रकाना होता आणि प्रत्येक गटाच्या स्वभावावर शेरे होते. आयोगाचे जवळजवळ सगळे तक्ते याच वर्गवारीवर उभे होते. वंशाचे सर्वांत पक्के मानलेले लक्षणही एका पिढीत हलते, हे 38वा खंड सांगत असताना बाकीचे खंड वंशांचे रकाने भरत राहिले. बोआस यांनी आपली मूळ मापे 1928 मध्ये छापून सर्वांसाठी खुली केली. 2002 मध्ये कोरी स्पार्क्स आणि रिचर्ड जँट्झ यांनी त्यांवरून बोआस यांचा दावा फुगवलेला असल्याचे म्हटले. 2003 मध्ये क्लॅरन्स ग्रेव्हली आणि सहकाऱ्यांनी तीच मापे पुन्हा तपासून बोआस मुळात बरोबर होते असा निष्कर्ष काढला.

आयोगाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पाहणीत भारतीयही आले. ते संख्येने काही हजार, बहुतेक पंजाबी शीख शेतकरी, पण सरसकट सर्वांना ‘हिंदू’ म्हटले जाई. लाकूड गिरण्या, रेल्वेमार्ग आणि कॅलिफोर्नियातली शेते इथे त्यांना काम मिळे. 4 सप्टेंबर 1907 रोजी वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात गोऱ्या जमावाने त्यांना घरांतून आणि गिरण्यांतून हुसकून लावले. अर्थशास्त्रज्ञ हॅरी मिलिस यांच्या देखरेखीखालच्या या पाहणीत त्यांची मजुरी, काम आणि राहणी यांचे तपशील आहेत. निष्कर्षात मात्र आजवर आलेल्यांत हे सर्वांत नकोसे, असे किनाऱ्यावरचे लोकमत जवळजवळ जसेच्या तसे उतरले. भारतीय मजुरांना येऊ न देण्याबाबत ब्रिटिश सरकारशी समजूत करून घ्यावी, अशी आयोगाने शिफारस केली. त्याच सुमारास वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ऑरेगनमध्ये शेतीशास्त्र शिकत होते आणि याच गिरणी कामगारांत संघटना बांधत होते. पुढे गदर चळवळीची उभारणी याच वस्त्यांतून झाली.

डिसेंबर 1910 मध्ये आयोगाने काँग्रेसला निष्कर्ष सादर केले, तेव्हा बहुतेक खंड छापूनही झाले नव्हते. स्थलांतरावर निर्बंध हवेत, आणि त्यासाठी साक्षरता चाचणी हा एकच उपाय सर्वांत व्यवहार्य, असे त्यांत म्हटले होते. दर ‘वंशा’साठी वार्षिक मर्यादा ठरवण्याची कल्पनाही पर्यायांच्या यादीत होती. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी विल्यम बेनेट यांनी एकट्याने साक्षरता चाचणीला विरोध नोंदवला. बाकी सदस्यांच्या युक्तिवादाचा कणा होता तो ‘जुने’ आणि ‘नवे’ स्थलांतरित या भेदाचा: जुने येऊन स्थायिक झाले आणि मिसळले, नवे अकुशल आहेत, एकटे पुरुष आहेत, पैसे साठवून परत जातात.

या भेदातली गोम पहिल्यांदा नीट दाखवली आयझॅक हॉरविच यांनी. ते रशियातून आलेले ज्यू संख्याशास्त्रज्ञ आणि वकील होते. 1912 मध्ये त्यांनी आयोगाचेच आकडे घेऊन ‘इमिग्रेशन अँड लेबर’ हे जाडजूड पुस्तक लिहिले. आयोगाने काल आलेल्या स्लोव्हाक खाणकामगाराची तुलना तीस वर्षांपूर्वी आलेल्या वेल्श खाणकामगाराशी केली होती. वेल्श माणसाचे इंग्रजी, घर आणि मजुरी यांच्यामागे तीस वर्षांचा मुक्काम होता, पण आयोगाने ते त्याच्या रक्ताच्या खात्यावर जमा केले. 1919 मध्ये पॉल डग्लस या तरुण अर्थशास्त्रज्ञाने कौशल्याचा मुद्दा घेतला. 1899 ते 1909 या काळात उत्तर युरोपातून कुशल माणसे जास्त येत होती हे खरे. पण खरी तुलना करायची तर उत्तर युरोपातून लोंढा येत होता त्या 1871 नंतरच्या दशकातल्या माणसांशी करायला हवी. तशी केली तर ‘नवे’ लोक ‘जुन्यां’पेक्षा कमी कुशल ठरत नाहीत. हेच डग्लस पुढे इलिनॉयचे सिनेटर झाले.

हे सगळे छापले गेले, वाचलेही गेले. पण 1914 मध्ये महायुद्ध पेटले, रशियात क्रांती झाली आणि परक्यांविषयीचा संशय टिपेला गेला. अध्यक्ष टाफ्ट यांनी 1913 मध्ये आणि अध्यक्ष विल्सन यांनी 1915 मध्ये साक्षरता विधेयक परतवले होते. 1917 मध्ये विल्सन यांचा दुसरा नकार काँग्रेसने मोडून काढला. त्याच कायद्याने नकाशावर अक्षांश-रेखांशांची चौकट आखून भारतासह आशियाचा बराच भाग बंद केला. चाचणीचा उपयोग मात्र फारसा झाला नाही. सोळा वर्षांवरच्या माणसाने स्वतःच्या भाषेतले तीसचाळीस शब्द वाचायचे होते, आणि युरोपातली खेडी तोवर वाचायला शिकली होती. 1921 साली आलेल्या सुमारे 8 लाखांपैकी जेमतेम दीड हजार जण या कारणाने अडवले गेले.

तेव्हा पर्यायांच्या यादीतली जुनी कल्पना पुढे आली आणि ती पुढे आणणारे होते खुद्द डिलिंगहॅम. मे 1921 च्या तातडीच्या कोटा कायद्याने प्रत्येक देशासाठी मर्यादा घातली: 1910 च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जेवढे लोक अमेरिकेत होते त्यांच्या 3 टक्के. 1924 च्या जॉन्सन-रीड कायद्याने टक्केवारी 2 वर आणली आणि जनगणना निवडली 1890 ची, म्हणजे ‘नवे’ लोक फारसे आलेच नव्हते त्या काळाची. परिणाम आकड्यांत स्वच्छ दिसतो. इटलीचा कोटा 42,057 वरून 3,845 वर घसरला. जर्मनीला 51,227 जागा मिळाल्या. डिलिंगहॅम 1923 मध्ये वारले होते, पण त्यांच्या आयोगाने आखलेली जुन्या-नव्याची रेघ आता कायद्यात शिरली होती.

‘वंशांचा कोश’ही अनपेक्षित ठिकाणी उगवला. फेब्रुवारी 1923 मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही आणि म्हणून नागरिकत्वाला पात्र नाही, असा निकाल दिला. मानवाचे वंश किती यावर तज्ज्ञांचेच एकमत नाही, हे दाखवायला निकालपत्रात या कोशाचा आधार घेतला गेला. शास्त्राचा घोळ आहे, म्हणून सामान्य गोऱ्या माणसाची समजूत हीच कसोटी, असा तो तर्क. थिंड यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित. त्यांनी स्वतः 1914 मध्ये अमेरिकन नागरिकत्व मिळवले होते. निकालानंतर सरकारने तेही काढून घेण्याचा दावा लावला. पंडित तो दावा लढले आणि 1926 मध्ये अपील न्यायालयात जिंकले. इतर अनेक भारतीयांचे नागरिकत्व मात्र गेले.

बोआस यांच्या कोलंबियाचा एक धागा महाराष्ट्राशीही जुळतो. 1913 मध्ये भीमराव आंबेडकर तिथे शिकायला आले. 9 मे 1916 रोजी त्यांनी जातिव्यवस्थेच्या उगमावरचा आपला निबंध वाचला तो बोआस यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या परिसंवाद वर्गात. भारतातले लोक वंशाने मिश्र आहेत, त्यांना बांधणारी गोष्ट म्हणजे संस्कृतीची एकता, आणि जात म्हणजे त्या एकसंध समाजाचे पाडलेले तुकडे, अशी मांडणी त्यात होती. पुढे 1948 मध्ये अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी गोविंद सदाशिव घुर्ये यांनी मांडलेली नाकाडोक्याची मापे पुढे केली आणि ब्राह्मण व अस्पृश्य वेगळ्या वंशांचे नाहीत असे दाखवले. वंशभेद सिद्ध करायला घेतली जाणारी मापेच वंशभेदाविरुद्ध उभी करण्याची रीत न्यूयॉर्कइतकीच मुंबईतही कामाला आली.

अमेरिकेत आयोगाचे खंड पुन्हा उघडले गेले 1952 मध्ये. कोटा पद्धत कायम ठेवणारा मॅकॅरन-वॉल्टर कायदा अध्यक्ष ट्रुमन यांच्या नकाराला न जुमानता मंजूर झाला, तेव्हा ट्रुमन यांनी स्वतःचा आयोग नेमला. इतिहासकार ऑस्कर हँडलिन यांनी त्यापुढे कोटा पद्धतीच्या मुळांचे टिपण ठेवले. डिलिंगहॅम आयोगाने निष्कर्ष आधीच गृहीत धरले होते आणि स्वतःच्या पुराव्याकडे काणाडोळा केला होता, हे त्यांनी खंडाखंडांतून दाखवले. ट्रुमन आयोगाने 1953 च्या अहवालात राष्ट्रवार कोटा रद्द करण्याची शिफारस केली. त्यानंतर बारा वर्षे गेली. 3 ऑक्टोबर 1965 रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्रवार कोटा रद्द करणाऱ्या हार्ट-सेलर कायद्यावर सही केली. 1946 पासून वर्षाला 100 जागांवर अडकलेला भारतही त्यामुळे इतर देशांच्या रांगेत आला. पुढच्या काही वर्षांत पुण्यामुंबईचे डॉक्टर आणि इंजिनिअर न्यू जर्सी, शिकागो आणि कॅलिफोर्नियात उतरू लागले ते याच कायद्यानुसार.

हॉरविच यांच्या आक्षेपाला निर्णायक उत्तर मिळायला मात्र शंभर वर्षे लागली. तीच माणसे दहा-वीस वर्षांनी पुन्हा कशी होती, हे पाहण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. अर्थतज्ज्ञ रन अब्रामित्स्की, लिआ बुस्टन आणि कॅथरिन एरिक्सन यांनी संगणकावर उतरवलेल्या 1900, 1910 आणि 1920 च्या जनगणनांतून हजारो पुरुषांचा नावाने माग काढला. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले की सरासरी स्थलांतरित सुरुवातीलाच देशी माणसाच्या फार मागे नव्हता आणि पुढे दोघेही जवळपास सारख्याच गतीने वर चढले. काही देशांचे लोक पहिल्यापासून पुढे होते, काहींचे मागे, आणि ‘जुने-नवे’ ही रेघ त्या फरकाशी नीट जुळत नव्हती.

अब्रामित्स्की आणि बुस्टन यांनी आणखी काही सहकाऱ्यांसह 1920 च्या दशकातल्या दारबंदीचा परिणामही तपासला. कोटा पद्धतीने देशी कामगारांची मजुरी वाढेल असे तिच्या पुरस्कर्त्यांनी सांगितले होते. ज्या भागांत येणारी माणसे सर्वाधिक घटली, तिथे देशी कामगारांची कमाई वाढलेली आढळली नाही. शहरांतल्या रिकाम्या जागी देशाच्या इतर भागांतले लोक आले, तसेच कोट्याबाहेर ठेवलेल्या मेक्सिको आणि कॅनडाचेही आले. शेतकऱ्यांनी माणसांऐवजी यंत्रांकडे मोर्चा वळवला. खाणींना पर्यायी मजूर मिळाले नाहीत, आणि त्या भागांतला खाणउद्योगच आक्रसला.